पेडल कपाटातून बाहेर काढा

लातूरहून एका वडिलांनी लिहिले आहे की, अकरावी विज्ञानातल्या मुलाला नीटच्या सराव चाचणीत ७२० पैकी ३१० गुण पडले, म्हणून त्यांनी त्याच्या ड्रम किटचे पेडल काढून कपाटात कुलूपबंद केले. आता तो जेवतानाही ताटाच्या कडेवर बोटे वाजवतो, ही सवय कशी मोडावी, असे ते विचारतात.

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील गुणांची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती या वाक्याची : ‘हल्ली तो फारसा बोलत नाही, त्यामुळे घरात अभ्यासाला शांतता आहे.’ सतरा वर्षांचा मुलगा घरात बोलेनासा होतो आणि त्याला आपण शांतता म्हणता, हे मला फार गंभीर वाटते. आपल्याला त्याला डॉक्टर करायचे आहे, असे पत्रात चार वेळा आले आहे. त्याला काय व्हायचे आहे, हे एकदाही आलेले नाही. सवय मोडण्याचा उपाय मी सांगणार नाही.

‘नुसते बडवायचे, त्यात शिकण्यासारखे काय?’ हा आपला समज मात्र चुकीचा आहे. पूर्वी बँडमध्ये बास ड्रम, म्हणजे खर्जातला मोठा ड्रम, एक जण आणि स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा लहान ड्रम, दुसरा वाजवत असे. पायाने चालणारी पेडल सुधारत गेली, अमेरिकेत १९०९ च्या सुमारास लुडविग बंधूंनी वेगवान पेडल आणले आणि एकाच वादकाला बसल्या जागी सारे पेलता येऊ लागले. चार मात्रांच्या साध्या ठेक्यात उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे एकावर एक बसवलेल्या झांजांच्या जोडीवर, आठ आघात देतो, डावा हात दुसऱ्या व चौथ्या मात्रेला स्नेअरवर पडतो, उजवा पाय पहिल्या व तिसऱ्या मात्रेला बास ड्रम वाजवतो आणि डावा पाय हाय-हॅट दाबून धरतो. हे लय न सुटता जमायला लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम लावून महिनोन्‌महिने बसावे लागते. या वाद्याला लिपी आहे, ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या आठव्या श्रेणीपर्यंत परीक्षा आहेत. ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू तबल्याची तालीम घेऊनच ड्रमकडे वळले.

पोटापाण्याविषयी मी खोटा दिलासा देणार नाही. मराठवाड्यात केवळ ड्रमवर ठरलेला पगार मिळणे कठीण आहे; लग्नसराई आणि गणपती सोडले तर अनेक महिने कोरडे जातात आणि शिकवण्यांची जोड द्यावी लागते. म्हणून बारावी आणि पदवी त्याने पूर्ण करावीच. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील ध्वनिमुद्रणाच्या अभ्यासक्रमालाही पदवी लागते. नीटची परीक्षा त्याला स्वतःला हवी असेल तरच द्यावी.

शेजाऱ्यांना त्रास होत असेल, तर ड्रमवर बसवायचे रबरी पॅड मिळतात. कानांसाठी इअरप्लग मात्र आवश्यकच समजा. पेडल आज संध्याकाळीच परत द्या आणि तो ते जोडत असताना शेजारी बसून, स्प्रिंगचा ताण किती ठेवायचा, एवढे त्याला विचारा.