जिम्नीला २ इंच लिफ्ट आणि मोठे टायर टाकायचेत, सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की मारुतीची ५ दरवाजी जिम्नी आहे, आठवडाभर पुण्यात ऑफिसला जाणं-येणं आणि सुट्टीला मुळशी-ताम्हिणीकडचे कच्चे रस्ते नाहीतर कोकण, त्यावर २ इंच लिफ्ट (स्प्रिंग बदलून बॉडी उंच करणं) आणि २३५/७५ आर१५ (२३५ मिमी रुंद, साईडवॉल रुंदीच्या ७५ टक्के, १५ इंची रिम) चे एमटी (मड टेरेन, म्हणजे चिखलाचे खोल नक्षीचे) टायर टाकायचेत तर आधी काय करू. आधी टायरचा साईज ठरवा. लिफ्ट त्यानंतर आणि गरज असेल तरच. आणि तुम्ही जो वापर लिहिलाय त्याला माझ्या मते २१५/७५ आर१५ चे एटी (ऑल टेरेन, डांबरी आणि कच्चा दोन्हीसाठीचे) टायर पुरतात, लिफ्ट न करता. का ते नीट सांगतो कारण किट विकणारे हे कोणी समजावत बसत नाहीत.

जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आहे. गाडीचा जमिनीला सगळ्यात जवळचा भाग म्हणजे त्या ॲक्सलवरचं डिफचं (डिफरेन्शियल, चाकांना ताकद वाटणारे गिअर) हाऊसिंग, कंपनी जो २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स सांगते तो तिथलाच धरा. आता लिफ्ट किट काय करतं तर स्प्रिंग उंच करतं, म्हणजे ॲक्सल आणि बॉडीमधलं अंतर वाढतं, पण ॲक्सल तर टायरवर बसलेला आहे, तो जिथे होता तिथेच राहतो. म्हणजे २ इंच लिफ्ट करून गाडी उंच दिसेल, चढता-उतरताना पाय जास्त उचलावा लागेल, आणि डिफखालचे २१० मिमी २१०च राहतील. डिफ वर उचलायचं काम फक्त टायर करतो, ते पण वाढलेल्या उंचीच्या निम्मं.

हिशोब करून बघा. कंपनीचा १९५/८० आर१५ टायर साधारण ६९३ मिमी उंच. २१५/७५ जवळपास ७०४, म्हणजे डिफ ५ मिमी वर. २३५/७५ जवळपास ७३४, म्हणजे डिफ २० मिमी वर. ५ मिमी म्हणजे काहीच नाही हे मान्य, पण २१५ घ्यायचं कारण उंची नाहीच, एटीची नक्षी, जाड साईडवॉल आणि रुंदी हे आहे. शिवाय हा साईज कंपनीच्या साडेपाच इंची रिमवर बसतो आणि बोलेरोचा साईज असल्यामुळे तालुक्याच्या गावातसुद्धा टायर मिळतो, आडगावात साईडवॉल फाटली की याची किंमत कळते. २३५ ला किमान ६ इंची रिम लागते म्हणजे रिमचा खर्च वेगळा.

मग लिफ्टचा उपयोग काहीच नाही का, तर आहे. ५ दरवाजीचा व्हीलबेस २५९० मिमी, ३ दरवाजीपेक्षा ३४० मिमी जास्त, त्यामुळे ब्रेकओव्हर अँगल (पोट न टेकता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा कोन) २८ वरून २४ डिग्रीवर आलाय आणि बांध ओलांडताना हिचं पोट टेकतं. २ इंच लिफ्टने ते अंदाजे ४ डिग्री परत मिळतात. दुसरा उपयोग म्हणजे मोठ्या टायरला वर दबायला जागा. म्हणून माझं म्हणणं असं की आधी एटी टायर टाकून एक पावसाळा गाडी चालवा आणि दर वेळी घरी आल्यावर खाली वाकून बघा ओरखडे कुठे आहेत. चाकोरीच्या मधल्या उंचवट्याने डिफ घासलं असेल तर टायर मोठा हवा. पोटाला, म्हणजे ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद पोचवणारा गिअरबॉक्स) किंवा चॅसिसच्या मधल्या भागाला जांभ्याचे लाल ओरखडे असतील तर लिफ्ट हवी. आणि दोन्हीकडे काही नसेल तर पैसे कॉम्प्रेसर, रिकव्हरी स्ट्रॅप (अडकलेली गाडी ओढायचा पट्टा) आणि चांगल्या शॅकलवर (तो पट्टा अडकवायची कडी) घाला. हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायरचा जमिनीवरचा ठसा लांब होतो आणि गाडी जी पकड धरते ती बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल, फक्त डांबरीवर येण्याआधी हवा परत भरायची, तशीच गाडी पळवायची नाही.

एमटीबद्दल. लाल मातीच्या चिखलात एमटीच चांगला, वाद नाही, एटीची नक्षी त्या चिकट्याने लगेच भरते. पण तुमचं बहुतेक चालणं डांबरीवर आहे आणि पावसाळ्यात ताम्हिणीच्या ओल्या वळणांवर एमटीचं ब्रेकिंग मला पटत नाही, आवाज तर वेगळाच. महिन्यातल्या दोन दिवसांसाठी बाकीचे अठ्ठावीस दिवस कमी पकडीवर चालवू नका.

२३५ टाकलेच तर गाडीच्या ताकदीचा विचार करा. इंजिन १४६२ सीसीचं, टॉर्क १३४ एनएम. टायर जवळपास ६ टक्के उंच म्हणजे सगळे गिअर ६ टक्के लांब झाल्यासारखं, वर प्रत्येक चाकाचं वजन वाढलेलं. घाटात जिथे तिसऱ्यात चढायचात तिथे दुसरा टाकावा लागेल, ब्रेकलाही जास्त अंतर लागेल. स्पीडोमीटरवर १०० दिसताना गाडी आधीपेक्षा ६ टक्के जास्त पळत असेल. स्टेपनी पण त्याच साईजची घ्या, फोर-एच (चारही चाकं चालवणारा मोड) मध्ये वेगळ्या उंचीचं चाक लावलं तर ट्रान्समिशनवर ताण येतो, आणि ती जड स्टेपनी मागच्या दारावर लटकणार आहे त्यामुळे बिजागऱ्यांकडे लक्ष ठेवा.

आता लिफ्ट करायचीच ठरली तर नुसते स्पेसर (मूळ स्प्रिंगला लावायचे जाड ठोकळे) टाकून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. स्पेसरने शॉकअप तेवढेच राहतात आणि चाक खाली लटकायचा प्रवास कमी होतो, म्हणजे खड्ड्यात चाक आधीच हवेत. स्प्रिंग आणि त्याच मापाचे शॉकअप एकत्र घ्या. पुढच्या ॲक्सलला दोन लांब आर्म आहेत, बॉडी वर गेली की ॲक्सल थोडा फिरतो आणि कास्टर (स्टिअरिंग सरळ धरून ठेवणारा चाकाचा कल) कमी होतो, मग हायवेवर स्टिअरिंग सैल वाटतं, गाडी इकडेतिकडे जाते. त्याला कास्टर करेक्शनचे रबरी बुश लागतात. लॅटरल रॉडमुळे (ॲक्सल आणि चॅसिसला आडवा जोडणारा दांडा) ॲक्सल एका बाजूला सरकतो, हे घरी तपासता येतं, मडगार्डच्या कडेवरून गवंड्याचा ओळंबा सोडा आणि दोन्ही बाजूंना टायरपर्यंतचं अंतर मोजा, फरक दिसला तर ॲडजस्टेबल रॉड हवा. ब्रेकच्या होज आणि एबीएसच्या वायरी चाक पूर्ण खाली लटकलं तरी ताणल्या जात नाहीत ना हे जॅकवर बघा, यात अजिबात तडजोड नको.

टायर घासतो का ते पण गॅरेजमध्येच बघून घ्या. बंपरच्या आतल्या कडेला, मडगार्डच्या प्लास्टिकला आणि आर्मला खडू फासायचा, एक पुढचं आणि तिरकं समोरचं मागचं चाक रॅम्पवर चढवायचं, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायचं. खडू जिथून पुसला तिथे टायर लागतोय. सपाट फरशीवर वळवून बघितलं तर सगळं मोकळंच दिसतं, खरं घासणं स्प्रिंग दबल्यावर कळतं. बसवून झालं की अलाइनमेंट, हेडलाइट खाली करणं, आणि पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत आवळणं. आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा, जॅकवर आवळले तर बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय, आणि कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. कागदावर २१५ सुद्धा कंपनीचा साईज नाही, हे लपवून सल्ला देणार नाही. काहीही करण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा, आणि काढलेले स्प्रिंग-शॉकअप-टायर भंगारात देऊ नका.

तुमची मॅन्युअल आहे की ऑटोमॅटिक ते लिहिलं नाहीये. ऑटोमॅटिकला चारच गिअर आहेत, ती असेल तर २३५ चा विषय सोडून द्या. मॅन्युअल असेल आणि पावसाळ्यानंतर खरंच डिफ घासलेलं दिसलं तर खालचा फोटो टाका, मग रिमचा ऑफसेट (चाक आत-बाहेर किती बसतं ते माप) किती घ्यायचा ते बघू.