घरात ओळीने सगळ्यांना जुलाब: जंतू एकच की वेगवेगळे?

तुम्ही विचारलंय: शनिवारी हॉटेलात जेवलो, मग घरात ओळीने सगळ्यांना जुलाब लागले, डॉक्टरांनी अँटिबायोटिकही दिलं नाही; दोष त्या जेवणाचा का? आधी दीड वर्षाची मुलगी आजारी पडली, दोन दिवसांनी तुम्ही दोघं, मग सासूबाई. या क्रमावरूनच शनिवारच्या हॉटेलातल्या जेवणाला बहुधा दोष देता येत नाही. अन्नातून विषबाधा झाली की एका पंगतीचे लोक जवळपास एकदमच आडवे होतात. खव्याच्या मिठाईतलं स्टॅफिलोकॉकसचं विष अर्ध्या ते 8 तासांत उलट्या सुरू करतं, बाहेर राहिलेल्या भातातलं बॅसिलस सिरियसचं 1 ते 6 तासांत. (दोन्ही विषं उकळूनही टिकतात, त्यामुळे ‘चांगलं गरम करून खाल्लं होतं’ याने काही सिद्ध होत नाही.) दोन-दोन दिवसांनी एकेक जण पडतो तेव्हा विषाणू हातोहात फिरलेला असतो.

दीड वर्षाचं मूल म्हटलं की पहिला संशय रोटाव्हायरसवर. 6 महिने ते 2 वर्षं हे त्याचं खास वय: आधी उलट्या, ताप, मग 3 ते 8 दिवस पाण्यासारखे जुलाब. सरकारी लसीकरणात आता 6, 10 आणि 14 आठवड्यांना याचे डोस मिळतात. ते झाले असतील तरी आजार होऊ शकतो, पण सहसा सलाइनपर्यंत जात नाही. तरी मोठी माणसंही धडाधड पडली म्हणजे माझं मत नोरोव्हायरसकडे जातं. तो वय बघत नाही. 12 ते 48 तासांत गाठतो आणि 1 ते 3 दिवसांत सोडतो. सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही. हात साबणानेच धुवा. उलटी पडलेली फरशी आधी पुसून घ्या, मग 5 टक्क्यांचं ब्लीच लिटरभर पाण्यात किमान 20 मिली घालून त्याने पुसा.

या दोन्हींवर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. डॉक्टरांनी दिलं नाही, ते बरोबरच केलं. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलच्या गोळ्या कृपा करून ठेवून द्या. शौचात रक्त, ताप आणि पोटात पिळवटून कळ असेल तर मात्र गोष्ट वेगळी. 1 ते 5 वर्षांच्या मुलांत तेव्हा शिगेला आठवावा. त्याचे 10 ते 100 जंतूही पुरतात, आणि तापात झटकेही येऊ शकतात. तिथे अँटिबायोटिक लागतं, पण डॉक्टरांच्या सांगण्यावरून. शाळकरी मुलाचं पोट दोन आठवडे बिघडलेलंच, गॅस, दुर्गंधीची तेलकट शी, असं असेल तर जिआर्डिया या परजीवीसाठी शौचाची तपासणी करा.

तरुण-मध्यम वयात प्रवासातले जुलाब बहुतेक ई. कोलायचे. तांदळाच्या धुवणासारखे भसाभस जुलाब म्हणजे कॉलरा समजून थेट दवाखाना. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू कच्च्या चिकनमधून किंवा दूषित पाण्यातून येतो. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, ज्यात नसांवर परिणाम होऊन हातापायांतली शक्ती जाते) साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या शौचात तो सापडला होता. जुलाब थांबल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत पायांतली शक्ती गेल्यासारखी वाटली तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका.

आता ओआरएस, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्धं पाकीट पेल्यात घातलं की द्रावण दाट होतं, जुलाब वाढतात आणि रक्तातलं मीठ चढतं. पूर्ण पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला, साखर वाढवू नका, 24 तासांनी उरलेलं ओतून द्या. 2 वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर 50 ते 100 मिली. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून चमच्याचमच्याने. टेट्रापॅकमधली गोड फळपेयं म्हणजे ओआरएस नव्हे. 6 महिन्यांवरच्या मुलाला झिंक 20 मिलिग्रॅम, 14 दिवस. जुलाब थांबले तरी पूर्ण करा. अंगावरचं दूध बंद करू नका. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी लहान मुलाला अजिबात नको.

सासूबाईंची काळजी मुलीइतकीच घ्या. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते. बीपीसाठी लघवीची गोळी किंवा मधुमेहाला मेटफॉर्मिन चालू असेल तर आजच डॉक्टरांना फोन करून ‘जुलाब थांबेपर्यंत ही द्यायची का?’ असं विचारा. अशाच दिवसांत मूत्रपिंडं बसतात. गेल्या काही आठवड्यांत अँटिबायोटिक झालेलं असेल तर तेही सांगा, कारण मग सी. डिफिसाइल हा अँटिबायोटिकनंतर आतड्यात माजणारा जंतू आहे का ते बघावं लागतं. कोणालाही 6 ते 8 तास लघवी नाही, गुंगी, डोळे खोल, चिमटा घेतलेली कातडी हळू बसते, यांतलं एक जरी दिसलं तरी घरी थांबू नका.