चेनसॉ मॅन या ॲनिमेतल्या (जपानी कार्टून मालिकेतल्या) पॉवर या पात्राला आवाज देणारी अर्धी इजिप्शियन आहे हे खरं का, आणि जपानमध्ये अशा व्हॉइस ॲक्टरला काम मिळायला त्रास होतो का?

हो, खरं आहे. पॉवरला जिने आवाज दिलाय ती फाइरूझ आइ, तिचे वडील इजिप्तचे आणि आई जपानी. जन्म टोकियोचा, ६ जुलै १९९३, आणि लहानपणीचा काही काळ ती इजिप्तमध्ये राहिलेली आहे. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे मिश्र घरातलं असणं करिअरला आडवं येतं का, त्यावर मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण याबद्दल लोक पटकन काहीतरी ठरवून मोकळे होतात. एक तर "जपानी लोक असल्यांना पुढे येऊच देत नाहीत" असं म्हणतात, नाहीतर "वेगळी दिसते म्हणून चान्स मिळाला" असं. तिच्या बाबतीत दोन्ही मला पटत नाही.

तुमची शंका मात्र उगाच नाहीये. २०१५ मध्ये आरियाना मियामोतो मिस युनिव्हर्स जपान झाली, तिचे वडील आफ्रिकन-अमेरिकन, ती स्वतः नागासाकीकडची, जपानी बोलतच वाढलेली, तरी ही जपानी दिसत नाही म्हणून नेटवर लोक तिच्यावर तुटून पडले. पुढच्याच वर्षी प्रियांका योशिकावा मिस वर्ल्ड जपान झाली, तिचे वडील भारतीय, आपल्याकडच्या पेपरांतही ती बातमी आली होती, आणि तिलाही तेच ऐकून घ्यावं लागलं. जिथे चेहरा हेच भांडवल आहे तिथे हा प्रश्न पहिल्या मिनिटाला समोर येतो. कॅमेऱ्यापुढच्या कामात मिश्र चेहऱ्याच्या माणसाला साधी शेजारीण, बँकेतली क्लार्क, शाळेतली बाई असे रोल सहज मिळत नाहीत.

आवाजाच्या धंद्यात मात्र माइक चेहरा बघत नाही. पहिली चाळणी बहुतेक वेळा रेकॉर्ड करून पाठवलेल्या आवाजावरच होते, त्यातून निवडलेल्यांना स्टुडिओत बोलावतात. स्टुडिओत काय असतं ते पण सांगतो, कारण त्याशिवाय या बाईचं काम किती अवघड आहे ते कळणार नाही. समोर स्क्रीन, स्क्रीनपुढे तीन-चार माइक आणि मागे भिंतीला लागून सगळे कलाकार हातात स्क्रिप्ट घेऊन बसलेले. ज्याचा डायलॉग असेल तो उठून मोकळ्या माइकवर जातो, बोलतो आणि आवाज न करता बाजूला होतो, लगेच दुसरा तिथे येतो. पान उलटल्याचा आवाज आला तर टेक गेला, कपड्यांची सळसळ आली तरी गेला. पुष्कळदा चित्रं पूर्ण झालेलीच नसतात, नुसत्या पेन्सिलच्या रेघा हलत असतात आणि कोण कधी बोलणार ते स्क्रीनवरच्या नावावरून समजून घ्यायचं. (कोविडच्या काळात दोघा-तिघांच्या छोट्या ग्रुपमध्ये रेकॉर्डिंग व्हायला लागलं, म्हणजे समोरच्याचं वाक्य कानावर न पडताच आपलं वाक्य बोलायचं, ते तर आणखी कठीण.) आणि पैसे म्हणाल तर नवीन माणसाला अर्ध्या तासाच्या एका एपिसोडचे साधारण १५,००० येन, डायलॉग एक असो की शंभर. त्यातून एजन्सी आपला वाटा कापून घेते. त्यामुळे नवीन असताना बहुतेक सगळे पार्ट टाइम काहीतरी करत असतात.

अशा गर्दीत फाइरूझला पहिला मोठा लीड रोल मिळाला २०१९ च्या जुलैमध्ये, "डंबेल किती किलोचं उचलतोस" अशा काहीशा नावाच्या सिरीजमध्ये. हिबिकी साकुरा नावाची खादाड शाळकरी मुलगी वजन कमी करायला जिमला जाते आणि हळूहळू व्यायामाच्या प्रेमात पडते, एवढीच गोष्ट. पण फाइरूझ स्वतः खरोखर वजनं उचलणारी मुलगी आहे, आणि ते ऐकताना जाणवतं. स्क्वॉट मारताना खाली जाताना श्वास कसा आत घेतला जातो, वर येताना तो कसा सुटतो, शेवटच्या रेपला घशातून जो हुंकार निघतो, हे सगळं अंगातून आल्यासारखं वाटतं, माइकपुढे उभं राहून काढलेलं वाटत नाही. सिरीजचं टायटल साँग पण तिनेच काइतो इशिकावासोबत गायलंय, आणि ते इतकं गाजलं की ज्यांनी सिरीज बघितली नाही त्यांनाही ते माहीत असतं. बघा, पहिलाच मोठा रोल, आणि त्यात ना इजिप्त ना वडील, एक साधी जपानी शाळकरी पोरगी. अर्ध्या परदेशी माणसाला फक्त परदेशी रोल मिळतात हे इथेच खोटं पडलं.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ती गोष्ट. फाइरूझ या धंद्यात आली तीच मुळी एका पात्रासाठी. शाळेत असताना तिने जोजो नावाची जपानी कॉमिक मालिका वाचली, तिच्या स्टोन ओशन नावाच्या सहाव्या भागात जोलीन कूजो नावाची हिरॉइन आहे, आणि मला जोलीन व्हायचंय म्हणून मी व्हॉइस ॲक्टर होणार असं तिने ठरवलं. हा भाग जपानी साप्ताहिकात २००० च्या आसपास सुरू होऊन २००३ मध्ये संपला होता. तेव्हा त्याचा ॲनिमे येणार की नाही याचाच पत्ता नव्हता! पहिल्या भागाचा टीव्ही ॲनिमेच मुळात २०१२ मध्ये सुरू झाला, मग एकेक भाग करत पुढे. त्यात २०१३ च्या गेममध्ये जोलीनला आवाज दिला होता मियुकी सावाशिरोने, जी या क्षेत्रातली पहिल्या फळीतली, त्यामुळे ॲनिमे आला तर तीच असणार असं सगळे फॅन धरून चालले होते. आणि मग ४ एप्रिल २०२१ ला जोजोचा एक मोठा कार्यक्रम झाला, त्यात सहाव्या भागाची घोषणा झाली, जोलीन कोण करणार ते सांगितलं गेलं आणि स्टेजवर आली फाइरूझ. तिला बोलताना रडू आवरेना. मी ती क्लिप पाहिलीय आणि खरं सांगतो, माझेही डोळे भरून आले. असं किती जणांच्या नशिबात असतं, की ज्या पात्रामुळे या वाटेला लागलो तेच पात्र आपल्या हातात यावं.

तो ॲनिमे डिसेंबर २०२१ पासून नेटफ्लिक्सवर आला, एकूण ३८ एपिसोड, तीन हप्त्यांत. जोलीन फ्लोरिडाच्या तुरुंगात आहे, न केलेल्या गुन्ह्यासाठी. सुरुवातीला ती चिडकी, रडकी, बापावर राग धरून बसलेली पोरगी आहे, आणि शेवटी शेवटी ती अशी काही उभी राहते की बघणारा गप्प होतो. फाइरूझने हा प्रवास आवाजात हळूहळू केलाय, पहिल्या एपिसोडमधला आवाज पातळ आणि वरच्या पट्टीतला, शेवटाकडे खाली आणि भरदार, पण मध्ये कुठे सांधा दिसत नाही. शिवाय जोलीन स्वतः मिश्र घरातली आहे, तिचा बाप जोतारो अर्धा जपानी, आई अमेरिकन. आणि त्याच मालिकेचा तिसरा भाग म्हणजे तर जपानहून इजिप्तपर्यंतचा प्रवास, वाटेत आपलं कलकत्ता आणि वाराणसी पण लागतं, शेवट कैरोत. त्यात अब्दुल नावाचा एक इजिप्शियन आहे, आणि तो हिरोंच्या बाजूचा, शहाणा, भरवशाचा माणूस आहे. वडिलांच्या देशातला असा माणूस जपानी कॉमिकमध्ये भेटणं इजिप्शियन बापाच्या मुलीसाठी काय असेल याचा मी फक्त अंदाज करू शकतो, पण मला वाटतं तिचं घर कामाला आलं असेल तर ते असं, आतून.

त्याच वर्षी ती प्रीक्युअर पण झाली. आपल्याकडे प्रीक्युअर, म्हणजे जादूच्या ताकदीने लढणाऱ्या मुलींची ॲनिमे सिरीज, फारशी माहीत नाही, पण जपानमध्ये रविवारी सकाळी साडेआठला घराघरातल्या छोट्या मुली टीव्हीपुढे बसतात ते यासाठी, २००४ पासून दरवर्षी. फेब्रुवारी २०२१ ते जानेवारी २०२२ च्या सिरीजमध्ये फाइरूझ मुख्य प्रीक्युअर होती, मानात्सु नावाची बेटावरून शहरात आलेली मुलगी, "आत्ता सगळ्यात महत्त्वाचं काय आहे ते आत्ता कर" असं म्हणणारी. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. कारण हे काम नुसतं आवाजाचं राहत नाही, अशा मोठ्या सिरीजची लीड म्हणजे पत्रकार परिषदा, फोटो, कार्यक्रम, लहान मुलांच्या आईबापांपुढे उभं राहणं. आजकाल व्हॉइस ॲक्टर पडद्यामागे राहतच नाहीत, स्टेज शो, मासिकांची कव्हरं, रेडिओ, यूट्यूब सगळं असतं. म्हणजे जो चेहरा माइकला दिसत नव्हता तो शेवटी लोकांपुढे येतोच. आणि जपानमधल्या सगळ्यात घरगुती म्हणाव्या अशा सिरीजच्या टायटलमध्ये पहिलं नाव एक अरबी नाव असलेल्या मुलीचं होतं, तिने ते लपवलं नाही, आणि वर्षभर लाखो घरांत ते दिसत राहिलं. मला ही गोष्ट पॉवरपेक्षाही मोठी वाटते.

पॉवरबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही बघितलंच आहे, ऑक्टोबर २०२२ चा सीझन. तरी एक सीन परत लावा, हॉटेलच्या आठव्या मजल्यावर सगळे अडकलेत आणि जो तो घाबरलाय, आणि ही बया नोबेल मिळवायच्या आणि पंतप्रधान व्हायच्या गप्पा हाणतेय, म्हणे सेल्स टॅक्स शंभर टक्के करणार. ते बोलताना फाइरूझच्या आवाजात एक टक्काही थट्टा नाहीये, पूर्ण खात्रीने बोलतेय, म्हणून ते इतकं जमून येतं. आणि तीच पॉवर मांजरीसाठी बोलायला लागली की आवाज एकदम लहान मुलासारखा उघडा पडतो. २०२४ पासून काइजू नंबर एट या ॲनिमेतली किकोरू, ती परत वेगळी, सोळा वर्षांची, कॅलिफोर्नियात शिकून आलेली, गर्विष्ठ, पण बापाच्या कौतुकाला आसुसलेली.

एकाच माणसावरून सगळ्यांचं ठरवू नये हे मान्य. म्हणून लिन ही दुसरी व्हॉइस ॲक्टर पण ऐका, तिचे वडील अमेरिकन, ती जपानच्या नीगाताची, गंडमच्या विच फ्रॉम मर्क्युरी या ॲनिमेत मिओरिने या पात्राचा आवाज तिचाच आहे. तिचा आवाज अगदी वेगळ्या जातीचा, थंड, नेमका, राग गिळून बोलणारा. दोघींच्या कामात सारखं असं काही सापडत नाही, आणि ते तसंच असायला हवं ना.

तर थोडक्यात, त्रास होतो का, समाजात वावरताना नक्की होत असणार, त्या दोन मिस जपानचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. पण रोल मिळण्यात फाइरूझचं घर आडवं आलेलं दिसत नाही, आणि घरामुळे तिला रोल मिळाले असंही दिसत नाही.

बघायचं असेल तर डबिंग नको, जपानी ऑडिओ आणि सबटायटल लावूनच बघा. आधी डंबेलचे दोन-तीन एपिसोड बघा, हलकंफुलकं आहे, मग थेट स्टोन ओशन. जोजोचे आधीचे भाग बघितले नसतील तर निदान तिसरा बघून घ्या, नाहीतर जोलीन बापावर एवढी का चिडलीय ते नीट पोचणार नाही.