नवी फुल सस्पेन्शन माउंटन बाइक ऑनलाइन मागवली आणि आता चुटपुट लागली आहे. ऑर्डर रद्द करू का?

ऑर्डर दिल्यापासून झोप उडाली आहे, सायकल अजून वाटेत आहे आणि ‘हार्डटेल (धक्के झेलणारी यंत्रणा फक्त पुढच्या चाकाला असलेली सायकल) पुरली असती का, साइज चुकली का, एवढा पैसा घालायला हवा होता का’ हेच डोक्यात फिरतंय, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत असं की आत्ता रद्द करू नका. सायकल येऊ द्या, खोकं जपून उघडा आणि मातीत घालण्याआधी साइज बघा. साइज चुकली असेल तर लगेच परत करा, तिथे भीड नको. बाकीच्या बहुतेक शंका शॉक पंप आणि ॲलन की यांनी मिटण्यासारख्या असतात.

मी स्वतः यातून गेलोय. नऊ वर्षं एकच हार्डटेल चालवल्यावर 150 मिमी ट्रॅव्हलची (म्हणजे धक्का झेलताना चाक जास्तीत जास्त तेवढं वर सरकणारी) फुल सस्पेन्शन मागवली. पैसे भरेपर्यंत मी तिचे गुण शोधत होतो, भरल्यानंतर रात्री जागून दोष शोधायला लागलो. ज्या सायकलवर आधी काट मारली होती तिचेच फोटो मोठे करून बघायचो. ती किलोभराने हलकी होती, तिचे ब्रेक वरच्या दर्जाचे होते. निवडताना हे मला माहीत होतंच, तरी मी दुसरी घेतली होती. त्यामागे चांगली कारणं होती, पण त्या आठवड्यात ती काही केल्या आठवेनात.

परतीची मुदत आहे म्हणून जीव शांत राहील असं आपल्याला वाटतं, पण घडतं वेगळंच. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या दोन फोटोंपैकी एक ठेवायचा होता. काहींची निवड तिथल्या तिथे कायम झाली, काहींना पुढचे काही दिवस बदलायची मुभा होती. ज्यांना मुभा होती त्यांना आपला फोटो कमी आवडला. दार उघडं असलं की मन सारखं उंबऱ्यापाशी जातं. म्हणून मुदत जरूर वापरा, पण सायकल आल्यापासून दोन दिवसांत निकाल लावा आणि तोवर तुलना करणारे व्हिडिओ बघू नका.

आता साइज. इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण फ्रेमची लांबी नंतर बदलता येत नाही.

भूमितीच्या तक्त्यात रीच नावाचा आकडा असतो, म्हणजे पेडलचे दांडे ज्या धुऱ्यावर फिरतात तिथपासून हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या उभ्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. जुन्या सायकलचा रीच 430 आणि नवीचा 460 मिमी दिसला की पोटात गोळा येतो. पण जुन्या सायकलवर बहुधा 80 मिमीचा स्टेम (हँडल धरणारा पुढचा तुकडा) असतो आणि नवीवर 45 चा. बेरीज केली तर 510 आणि 505. उभं राहून चालवताना हात जवळपास तिथेच पडतात. शिवाय नव्या सायकलींची सीट ट्यूब (सीटखालची नळी) जास्त उभी असते, त्यामुळे बसल्यावर हँडल आणखी जवळ वाटतं. मी याच आकड्याने दोन रात्री घालवल्या होत्या, आणि प्रत्यक्षात अडचण काहीच नव्हती.

तपासायचं घरातच. पेडल बहुतेक वेळा सोबत येत नाहीत, तेव्हा ती आधीच आणून ठेवा. सीटवर बसून पेडल सर्वांत खाली नेलं की टाच टेकवल्यावर पाय सरळ व्हायला हवा. ड्रॉपर सीटपोस्ट (बटणाने वरखाली होणारा सीटचा दांडा) पूर्ण वर असताना पाय पुरत नसेल, आणि पोस्ट फ्रेममध्ये आणखी आत सरकतही नसेल, तर फ्रेम मोठी आहे. मग पेडल आडवी ठेवून उभे राहा, कोपर थोडे वाकवा. पाठ ताणून हँडल गाठावं लागतं का? गुडघे हँडलला लागतात का? यांतल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर चाकाला धूळ लागू देऊ नका. वापरलेली सायकल विक्रेते सहसा परत घेत नाहीत, आणि मूळ खोकं नसेल तर परतीत फार हाल होतात. माझ्या एका मित्राने ‘सवय होईल’ म्हणून एक साइज मोठी सायकल ठेवून घेतली. वर्षभर त्याची मान दुखली, शेवटी तोट्यात विकली. त्याने पहिल्याच दिवशी परत करायला हवी होती, हे मी त्याला तेव्हा बोललो नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

साइज बरोबर निघाली की राहतो प्रश्न हार्डटेल पुरली असती का. वाटा सपाट आणि गुळगुळीत असतील तर खरंच पुरली असती, यात काही लपवायचं नाही. फुल सस्पेन्शन जड असते, तिचे सांधे सांभाळावे लागतात. पण ‘मागचा शॉक ताकद खातो, चढाला उपयोगाची नाही’ ही भीती आता जुनी झाली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्रीचं सुवर्ण नीनो शुर्टरने फुल सस्पेन्शन सायकलवर जिंकलं. त्या सायकलचा ट्रॅव्हल कमी असतो, पण मागचं चाक जमिनीला चिकटून राहिलं की खडकाळ चढालाही पकड मिळते, हे तत्त्व तुमच्या सायकललाही लागू आहे.

पहिल्या फेरीत मात्र ती आवडणार नाही, याची तयारी ठेवा. मला गादीवर बसून पेडल मारल्यासारखं वाटलं. मागचा भाग खाली बसलेला, पुढचं चाक चढाला भटकणारं. घरी येऊन मी परतीचा अर्ज अर्धा भरलाही होता. मग मोजून बघितलं तर माझ्या वजनाने शॉक चाळीस टक्क्यांच्या वर दबत होता, कारण त्यात माझ्या वजनाला पुरेशी हवाच नव्हती.

हे दबणं म्हणजे सॅग. नेहमीचे कपडे, हेल्मेट, पाण्याची पिशवी असं सगळं अंगावर घेऊन चालवायच्या स्थितीत बसा. शॉकच्या दांड्यावरची रबरी कडी सीलपर्यंत (दांडा जिथे आत शिरतो त्या कडेपर्यंत) सरकवा, धक्का न देता खाली उतरा आणि कडी किती सरकली ते मोजा. मागे 30 टक्क्यांच्या आसपास धरा. म्हणजे दांडा एकूण 55 मिमी सरकत असेल तर सुमारे 16 मिमी. ट्रॅव्हल आणि दांड्याची सरक हे दोन वेगळे आकडे आहेत, त्यात गल्लत करू नका. फोर्कला (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनला) साधारण 20 टक्के, म्हणजे 150 मिमीच्या फोर्कवर 30 मिमी. यासाठी शॉक पंपच लागतो, टायरचा पंप इतका दाब देत नाही. मी हवा भरून सॅग 30 टक्क्यांवर आणला, रिबाउंड (दबलेला शॉक परत वर येण्याचा वेग) दोन टिचक्या हळू केला आणि त्याच वाटेवर पुन्हा गेलो. मुळांनी भरलेल्या ज्या उतारावर नऊ वर्षं दात आवळून ब्रेक धरले होते, तिथे पहिल्यांदा नजर चाकावरून उठून पुढच्या वळणावर गेली. परतीचा अर्ज तसाच राहिला.

जोडणीबद्दल थोडक्यात. हेडसेटचा (हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगचा) ढिलेपणा वरच्या बोल्टने आधी काढा, स्टेमचे बाजूचे बोल्ट त्यानंतर आवळा, आणि स्टेमवर छापलेल्या टॉर्कपलीकडे (आवळण्याच्या जोरापलीकडे) जाऊ नका. नवे डिस्क ब्रेक सुरुवातीला दगा दिल्यासारखे वाटतात. मोकळ्या जागी मध्यम वेगातून पंधरा-वीस वेळा, चाक लॉक न करता, वेग कमी करा, मग ते धरायला लागतात.

पैशांची रुखरुख सेटिंगने जाणार नाही, ते मान्य. हप्ते भरताना घरखर्चाची ओढाताण होणार असेल तर साइज बरोबर असली तरी परत करा, त्यात कमीपणा नाही. आणि देखभालीचा खर्च आत्ताच हिशेबात घ्या. रॉकशॉक्स ही सस्पेन्शन बनवणारी कंपनी फोर्कच्या खालच्या पायांची सर्व्हिस दर 50 तासांच्या वापरानंतर सांगते. पिव्होटचे, म्हणजे मागच्या सांध्यांचे, बेअरिंग चिखलपाण्यात लवकर जातात. हे जड वाटत नसेल तर सायकल ठेवा.

तुमची उंची, पायाची आतली लांबी, मागवलेली साइज आणि तिचा रीच लिहून कळवा. जुन्या सायकलच्या स्टेमची लांबीही लिहा. खोकं यायच्या आत आपण दोन्ही आकडे शेजारी मांडून बघू.