पहिल्यांदाच राफ्टिंगला निघालायस ना? मग हे ऐक

सगळ्यात आधी विचार, रॅपिड, म्हणजे नदीतले खळाळत्या, वेगवान पाण्याचे टप्पे, कोणत्या ग्रेडचे आहेत. १ ते ६ अशी प्रतवारी असते. नवख्यांच्या ग्रुपने ३ च्या पुढे जाऊ नये. ग्रुपमधला कुणी कितीही फुशारकी मारू दे.

लाइफ जॅकेट घातलंस की कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांग. ते कानापर्यंत सरकलं तर पट्टे ढिले आहेत. वल्ह्याच्या टोकाची मूठ कधीच सोडायची नाही. मोकळी मूठ शेजाऱ्याचे दात पाडते.

पाण्यात पडलास तर उताणा हो, पाय प्रवाहाच्या दिशेने, पायाची बोटं पाण्याबाहेर. आणि वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न अजिबात करू नकोस, पाणी गुडघाभर दिसलं तरी. पाऊल दगडात अडकलं की मागचा लोंढा माणसाला खाली दाबतो. पोहता येणाऱ्यांचाही इथे घात होतो. पहिल्या खेपेला मीही उभा राहायला गेलो होतो. गाइड जे ओरडला ते इथे लिहिण्यासारखं नाही!

सुती कपडे नकोत, ओले राहून गारठवतात. तंबू काठापासून उंचावर लाव, रात्रीत पाणी चढू शकतं. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकमध्ये बांधून ठेव आणि संध्याकाळपर्यंत त्याला हात लावू नकोस.