पत्र तुमचं, नोकरी मुलाची

प्रश्न : माझा मुलगा सात महिन्यांपूर्वी एका कंपनीच्या डेटाबेस विभागात लागला. २४० सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओत (डेटाबेस सांभाळायच्या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्राममध्ये) नोंदवायचं काम त्याला मिळालं, मुदत दोन आठवड्यांची. त्याने स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम, लिहून एका दुपारीच ते उरकलं. मी म्हटलं, कुणाला सांगू नकोस, हातानेच करतोयस असं दाखव, नाहीतर तुझी गरजच उरणार नाही. तो ऐकत नाही. स्क्रिप्टचा फोटो त्याच्या नकळत काढून सोबत जोडला आहे. त्याला डेटा सायन्सचा कोर्स लावू की एमबीए करायला सांगू?

उत्तर : नमस्कार. कोर्सचं नंतर बघू, आधी तो फोटो. त्यात चौथ्या ओळीत ‘एसए’ या लॉगिनचा पासवर्ड उघडा दिसतोय. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये एसए हे मुख्य प्रशासकाचं लॉगिन, त्याला कुठलंच दार बंद नसतं. मी फोटो पुसून टाकला, पण पासवर्ड बाहेर गेला तो गेला. आज रात्रीच मुलाला खरं काय ते सांगा. उद्या सकाळी त्याने साहेबांच्या कानावर घालून तो बदलून घ्यायला हवा. तुम्हाला ओशाळल्यासारखं होईल. होऊ द्या.

चूक त्याचीही आहे. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहायचा नसतो. विंडोज ऑथेंटिकेशन, म्हणजे संगणकात शिरतानाचीच ओळख, वापरलं असतं तर ती ओळच लागली नसती. शिवाय त्याने केलेली नोंद त्याच्या एकट्याच्या खात्यापुरती आहे. सगळ्या टीमला एकच यादी हवी असेल तर २००८च्या आवृत्तीपासून सेंट्रल मॅनेजमेंट सर्व्हरची सोय आहे. तिथे पासवर्ड साठवले जात नाहीत, ज्याचा तो आपल्या विंडोज ओळखीवर आत जातो. एक गोष्ट मात्र मला आवडली. इन्स्टन्सच्या (मशीनवर चालणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरच्या एकेका प्रतीच्या) नावात बरेचदा बॅकस्लॅश, म्हणजे उलटी तिरकी रेघ, असतो आणि पॉवरशेलला (ज्यात ही स्क्रिप्ट लिहिली आहे त्या भाषेला) तो फोल्डरचा वाटतो, नवखे हमखास तिथे अडकतात. तुमच्या मुलाने एन्कोड-एसक्यूएलनेम ही त्यासाठीचीच आज्ञा वापरून तो नीट सोडवलाय. म्हणजे पोरगं कागदपत्रं वाचतं.

आता तुमची भीती : स्क्रिप्टने काम केलं की माणूस रिकामा. अहो, ती २४० नावं आली कुठून? कुणाच्या तरी जुन्या एक्सेलमधून. असल्या यादीत बंद पडलेले सर्व्हर असतात, एकच मशीन दोन नावांनी असतं. स्क्रिप्टला त्याचं सोयरसुतक नाही. नोंद म्हणजे नुसतं नाव-पत्ता लिहून ठेवणं, त्यामुळे मेलेला सर्व्हरही ती बिनतक्रार नोंदवते. प्रत्येकाला जोडून बघणं, कोण जिवंत आहे, कुणाची आवृत्ती कोणती, चालू कामाचा कुठला आणि चाचणीचा कुठला हे ठरवणं माणसाचंच काम. आणि ते चुकलं तर महागात पडतं, कारण नोंदवलेल्या सर्व्हरचे गट करतात आणि गटावर चालवलेली क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) त्यातल्या सगळ्या सर्व्हरवर एका दमात धावते. चाचणीच्या गटात चालू कामाचा एक सर्व्हर चुकून बसला आणि कुणी ‘डिलीट’ चालवलं, की पुढे काय होईल ते मुलालाच विचारा. एका दुपारी नोंदणी उरकली म्हणून या कामाला त्याच्याकडे आता नऊ दिवस आहेत. तुम्ही त्याला ते दिवस खोटं खोटं टंकण्यात घालवायला सांगताय.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलं ते हेच. लपवलेली स्क्रिप्ट दुसरं कुणी वाचत नाही. सहकाऱ्यांनी ती वाचली तर असा पासवर्ड पहिल्याच दिवशी कुणीतरी पकडतं. ‘तो ऐकत नाही’ हे वाचून मला तरी बरं वाटलं.

एमबीए सात महिन्यांच्या अनुभवावर नको. डेटा सायन्स वेगळं क्षेत्र आहे, त्याने मागितलं तर बोलू. याच वाटेवर राहिला तर मायक्रोसॉफ्टची डेटाबेस सांभाळणाऱ्यांसाठीची डीपी-३०० परीक्षा पुढे कधीतरी देईल. तूर्त त्याने गिट (प्रोग्राममधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकावं आणि ही स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली तर जुन्या नोंदींचं काय होतं ते तपासावं.

पुढचं पत्र त्याला लिहू द्या. आणि फोटो जोडू नका.