सिनेट म्हणजे संसद नव्हे

प्रश्न असा आहे: रोमन इतिहासावर मराठीत लिहिताना सिनेटला ‘संसद’ म्हणावं का?

नाही. कोशातला ‘वरिष्ठ सभागृह’ हा अर्थ अमेरिकेच्या सिनेटला चालतो. तो उचलून रोमला चिकटवला की ‘सिनेटने कायदा केला’ असली वाक्यं तयार होतात आणि लेखामागून लेखात फिरत राहतात. प्रजासत्ताकाच्या काळात सिनेट कायदा करतच नव्हती. ती ठराव करायची आणि त्या ठरावाचं नावच ‘सेनातुस कॉन्सुल्तुम’, म्हणजे सिनेटचा सल्ला. खजिना, परराष्ट्र व्यवहार, कोणता प्रांत कुणाला हे सगळं तिच्या हाती असल्यामुळे सल्ला डावलायची सहसा कुणाची छाती होत नसे, ही गोष्ट वेगळी. मात्र सामान्य जनतेने निवडलेल्या दहा ट्रिब्यूनांपैकी (जनतेच्या रक्षक अधिकाऱ्यांपैकी) एकानेही ‘वेतो’ (मी मनाई करतो) म्हटलं की ठराव तिथंच अडायचा.

‘सेनेक्स’ म्हणजे म्हातारा, त्यावरून सिनेट. आपला वैदिक ‘सन’ (जुना) याचा सख्खा भाऊ आणि ‘सनातन’ त्याच घरातला. ‘सेना’ इथे कृपया आणू नये. गंमत म्हणजे रोमचा हुकूमशहा सुल्ला याने इ.स.पू. ८१ च्या सुमारास केलेल्या नियमांनुसार क्वेस्टर (खजिना सांभाळणारा कनिष्ठ अधिकारी) झालेला माणूस आपोआप सिनेटमध्ये जाई आणि त्या पदाची किमान वयोमर्यादा होती ३० वर्षं. तिशीतले म्हातारे!

पण खरा रत्नासारखा शब्द आहे ‘कोमितिया’. कायदे करायची ती ही, नागरिकांची मतदानसभा. ‘कॉम’ (एकत्र) आणि ‘इरे’ (जाणे). आता ‘समिति’ फोडा: सम् (एकत्र) + इ (जाणे). धातू तोच, घडणही तीच! मात्र ‘कॉम’ म्हणजेच ‘सम्’ असं ठोकून देणाऱ्या विद्वानांनी ध्वनिनियम उघडून बघावेत. ‘सम्’चे लॅटिन भाऊबंद ‘सिमिलिस’ (सारखा) या शब्दात सापडतात, ‘कॉम’मध्ये नाही. अथर्ववेदात सभा आणि समिति या प्रजापतीच्या दोन मुली आहेत. रोममध्येही नेमकी हीच जोडी दिसते: ज्येष्ठांची सभा, लोकांची समिती. आपल्याकडे मात्र समिती आक्रसून चौकशी करणाऱ्या पाच माणसांवर आली.

लोकांची म्हणजे सगळ्यांची सारखी, असंही समजू नये. कॉन्सल (दर वर्षी निवडले जाणारे दोन सर्वोच्च अधिकारी) निवडणाऱ्या सभेत ‘सेंचुरी’ नावाचे १९३ गट होते आणि दर गटाला एक मत. जुन्या रचनेत घोडेस्वारांचे १८ आणि श्रीमंत पहिल्या वर्गाचे ८० असे ९८ झाले की बहुमत पुरं. खालच्यांना बोलावायची गरजच उरत नसे. संपत्तीहीन सगळे मिळून एकाच गटात. त्यांना ‘प्रोलेतारी’ म्हणत, म्हणजे राज्याला फक्त संतती देणारे. ३५ ट्राइबांच्या (नागरिकांच्या मतदान-विभागांच्या) सभेतही ३१ ट्राइब ग्रामीण आणि शहरी फक्त ४, त्यामुळे रोममधली गर्दी त्या चारांतच कोंबलेली.

राहता राहिला ‘संसद’. धातू ‘सद्’, बसणे. सिनेटर बाकांवर बसत, कोमितियात लोक उभे राहून मत देत. म्हणजे व्युत्पत्तीने संसद सिनेटलाच शोभते, हे कबूल! पण आजच्या वाचकाला हा शब्द दिसला की कायदे करणारे खासदार आठवतात आणि तिथेच घात होतो. म्हणून सिनेटला सिनेटच म्हणा आणि कोमितियाला बिनधास्त ‘समिती’, फक्त पहिल्यांदा ‘नागरिकांची’ हे जोडून.